तिकडचा माणूस

१

हद्द आखायला बारा माणसं होती. सहा इकडची, सहा तिकडची. लढाई होऊन चोवीस वर्षं झाली होती. तिच्यात या डोंगरावर किती जण गेले याचा आकडा दोन्ही बाजू वेगवेगळा सांगत, मोजणी मात्र या बारा जणांत आणि चहाच्या दोन किटल्यांवर गुण्यागोविंदाने चालली होती. सकाळी सातला व्हिएतनामचा ट्रक दक्षिणेच्या पायथ्याशी थांबायचा, चीनचा उत्तरेच्या. दोन्हीकडची मंडळी धापा टाकत खिंडीत भेटायची आणि हात मिळवायची. ज्याने आधी सिगारेट पुढे केली त्याची दुसऱ्याने घ्यायचीच, असा न लिहिलेला नियम होता. लिहिलेल्या नियमांची एकोणीस पानं होती, ती कुणालाच पाठ नव्हती.

बे थी हियन ही इकडच्या सहांतली दुभाषी. खरं तर ती प्राथमिक शाळेतली मास्तरीण. पण या डोंगराच्या दोन्ही उतारांवरचे लोक एकाच बोलीत भांडतात आणि एकाच बोलीत सोयरिकी जमवतात, आणि ती बोली हियनच्या घरची. शिवाय ती तिकडची सरकारी भाषाही शिकली होती. म्हणून जिल्ह्याच्या कचेरीने तिला वर्गातून उचललं आणि डोंगरावर आणून ठेवलं. तिकडचा दुभाषी वेई पन्नाशीचा होता. दात तंबाखूने काळे, बोली तीच. पहिल्याच दिवशी त्या दोघांना कळलं होतं की त्याची मावशी हियनच्या आजोळच्या गावात दिलेली होती. दोन्ही साहेबांना त्यांनी हे सांगितलं नाही.

इकडचा मुख्य मोजणीदार ताँग, हानोईचा. थट्टेखोर, पण यंत्रापुढे बसला की देवापुढे बसल्यासारखा गंभीर. काम तसं साधं होतं. तिवईवर यंत्र ठेवायचं. समोरच्या खुणेवर एकाने आरसा लावलेली काठी धरून उभं राहायचं. यंत्रातून किरण जातो, आरशावर आपटून परत येतो, आकडा पडतो. विषम खुणेवर काठी धरणार इकडचा माणूस, सम खुणेवर तिकडचा. हियनने वहीत तीन गोष्टी लिहायच्या: खुणेचा क्रमांक, आकडा, काठी धरणाऱ्याचं नाव. खाली दोघांच्या सह्या.

लढाईत पेरलेले सुरुंग काढणारे पुढे जाऊन मोकळ्या झालेल्या वाटेच्या दोन्ही अंगांना पांढरी दोरी बांधत. "दोरीच्या आत आपापला देश," ताँग म्हणायचा, "आणि दोरीच्या बाहेर थेट देवाघर."

हियनचं गाव बो लुआंग त्याच डोंगराच्या कुशीत. एकतीस घरं आणि एक झरा. विहीर लागत नाही, कारण हा चुनखडीचा डोंगर आहे आणि वरचं पाणी गिळून बसतो. झऱ्याच्या दोन्ही अंगांनी डोंगराच्या दोन सोंडा जातात. मागची सोंड उंच ठरली तर हद्द तिच्यावरून जाणार आणि झरा इकडे राहणार. मागची मोजताच आली नाही, तर पुढच्या सोंडेवरून हद्द. मग झरा तिकडे आणि गाव उठणार. मागच्या सोंडेवर सुरुंग इतके दाट होते की सुरुंगवाल्यांनी हात टेकले होते. हियनची म्हातारी आई रोज संध्याकाळी एकच विचारायची, "पाणी कुणाचं ठरलं गं?"

"ठरतंय, आई."

"ठरेपर्यंत भरून ठेवू का?" आई विचारायची, आणि उत्तराची वाट न बघता बांबूची नळकांडी घेऊन निघायची.

२

नवव्या दिवशी धुकं होतं. तसं ते रोजच असायचं, पण त्या दिवशी ते जेवायलाच आल्यासारखं येऊन बसलं. इकडच्यांनी चिकट भात आणि तिळाचं मीठ सोडलं, तिकडच्यांनी वाफेचे पाव. चुली दोन, अंतर वीस पावलांचं. अधूनमधून इकडची मिरची तिकडे जायची आणि तिकडून शिव्या यायच्या. हियन घास घेता घेता वही पुरी करत होती.

"ताँगदादा, सतराला काठी कुणी धरली होती?"

"तिकडच्याने."

"सतरा विषम आहे. आपला माणूस हवा."

"मग आपल्याने." ताँगने भाताचा गोळा मिठात बुडवला. "मी यंत्राच्या नळीतून बघतो, बाई. एवढ्याशा भोकातून सगळे सारखेच दिसतात. खान्हला विचार, काठी त्याची."

खान्ह चुलीपाशी पाय पसरून बसला होता. तो म्हणाला, "मी कुठे गेलो? दोरी सोळालाच संपली, पुढे मागच्या सोंडेचे सुरुंग. मी म्हटलं दोरी येऊ दे, तर तिकडचा एक जण आधीच पुढे गेलेला. म्हटलं, जातोय तर जाऊ दे, हौस आहे त्याला."

हियन वीस पावलं चालून दुसऱ्या चुलीपाशी गेली. वेई पाव फुंकून खात होता. तिने विचारलं, तर त्याने आपल्या माणसांना विचारलं. त्यांच्यात थोडी बाचाबाची झाली आणि मग वेई हसत म्हणाला, "मास्तरीणबाई, आमचे म्हणतात तुमचाच माणूस पुढे गेला. सतरा, अठरा, एकोणीस, तिन्ही त्यानेच धरली. आमचा काठीवाला तर खूश आहे, त्याला आयती झोप मिळाली."

हियनही हसली. तिने इकडची डोकी मोजली, सहा. तिकडची मोजली, सहा. असेल एखादा सुरुंगवाला, तिने मनाची समजूत घातली. असेल कुणी लाकूडतोड्या, गंमत म्हणून उभा राहिलेला. डोंगरात माणसाला काय, कुणी बोलावलं की उभा राहतो. तिने नावाची जागा कोरी ठेवली आणि भात संपवला.

भांडी घासायला उठली तेव्हा तिचं लक्ष खडकाकडे गेलं. इकडची काठी लाल, तिकडची पिवळी. दोन्ही खडकाला टेकून शेजारीशेजारी उभ्या होत्या. धुक्याने ओल्या झाल्या होत्या, आणि त्यांच्याखालचं गवत सकाळपासून दबलेलं दिसत होतं. डोंगरावर तिसरी काठी नव्हती.

३

दहाव्या दिवशी ती यंत्राजवळच बसली. कान, डोळे, सगळं त्या एका गोष्टीकडे लावून बसली. दुपारी धुकं जरा पातळ झालं आणि तो तिला दिसला.

मागच्या सोंडेवर, दोनेकशे पावलांवर, तो इकडे तोंड करून उभा होता. अंगावरच्या कपड्यांना रंग असा नव्हता. पावसात वाळत राहिलेल्या कापडाला जो रंग येतो तो होता. काठी सरळ, हात सरळ. चांगला काठीवाला हलत नाही हे खरं, पण चांगला काठीवाला खोकतो, माशी हाकलतो, मान खाजवतो. हा श्वास घेत असेल तर तोही बेताने घेत असावा.

"वीस झाला," ताँग म्हणाला आणि हात हलवला. तो माणूस पुढच्या खुणेकडे चालू लागला. दोरी कुठेच नव्हती. सुरुंगांच्या मुलखातून तो शेताच्या बांधावरून जावं तसा निवांत गेला, मागे वळून न बघता.

हियनच्या हातातली पेन्सिल मोडली. तिने वेईची बाही धरून त्याला खडकामागे नेलं आणि घरच्या बोलीत विचारलं, "वेईदादा, खरं सांगा. तो तुमचा आहे?"

वेईने सोंडेकडे बघितलंच नाही. तो बराच वेळ तंबाखू चोळत राहिला. "मी कालपासून डोकी मोजतोय," तो म्हणाला. "आमचे सहा. तुम्ही म्हणाल आमचा, आमचे म्हणतील तुमचा. असा माणूस दोन चुलींच्या मधे सुखाने राहतो, बाई. त्याला कुणी जेवायला विचारत नाही आणि कुणी हाकलतही नाही."

"पण आला कुठून?"

"ते मी विचारू की तुम्ही सांगाल?" वेईचा आवाज खाली गेला. "पहिल्या दिवशी संध्याकाळी डोंगर उतरताना शेवटी कोण होतं?"

शेवटी हियन होती.

हियनच्या लोकांत एक रीत आहे. डोंगरावरून, स्मशानातून, परक्या जागेवरून निघताना शेवटच्या माणसाने हाक द्यायची, म्हणजे कुणाचा जीव मागे रेंगाळत नाही. आईने लहानपणी शिकवलं होतं: एकेकाचं नाव घ्यायचं, एकेकाला घरी चल म्हणायचं. अमक्या चल, तमक्या चल. पहिल्या संध्याकाळी हियनने इकडच्या सहा जणांची नावं घेतली होती. मग तिकडचे सहा आठवले. तेही कुणाची तरी लेकरं आहेत, त्यांचे जीव का ठेवायचे डोंगरावर? पण त्यांची नावं तिला येत नव्हती आणि ओरडून विचारायची लाज वाटली. म्हणून ती नुसतं म्हणाली होती, "चला रे, सगळे घरी चला. कुणी मागे राहू नका."

"सगळे म्हणालात," वेई म्हणाला. "मी ऐकलं. मला वाटलं, सरकारी माणसं, काय होतंय."

हियनने स्वतःला बजावलं की ती शिकलेली बाई आहे, तिसरीच्या पोरांना ती पृथ्वी गोल असल्याचं सांगते. तरी ती भ्याली होती. खडकामागून ताँगचा आवाज आला, "एकवीस! वा रे बहाद्दर, काय काठी धरतोय!"

४

बाविसाव्या खुणेला ताँगने आकडेमोड केली, कागद फडकावला आणि हियनला जवळ बोलावलं. त्याचा चेहरा उजळला होता.

"मागची सोंड उंच आहे. चार हात उंच. हियन, तुझ्या गावाचा झरा इकडे आला!"

हियनला रडू फुटलं. तिला आईची नळकांडी दिसली, एकतीस घरांच्या चुली दिसल्या, आणि क्षणभर ती सगळं विसरली.

"एकच खूण राहिली. तेवीस घेतली की सोंड पुरी." ताँगने यंत्र फिरवलं. "ये, तूच बघ. तुझा मान आहे. आरशात नीट बघ हं, समोर आरसा असला की बघणाऱ्याला स्वतःचाच डोळा दिसतो. नव्या पोरांना मी याच गमतीने घाबरवतो."

तिला बघायचं नव्हतं. नाही म्हणायला कारणही सापडेना. तिने नळीला डोळा लावला.

आधी नुसतं पांढरं. मग धुकं बाजूला झालं आणि पाय दिसले. एका पायात टायरची चप्पल, जशी लढाईत इकडचे सैनिक घालत. दुसऱ्या पायात कापडी बूट, तिकडचा. गरिबाला मिळेल ते घालावं लागतं, हियनने मनाशी म्हटलं. चप्पल तुटली तर माणूस काय करणार. नळी हळूहळू वर सरकली. हात दिसले, एकावर एक ठेवलेले. काठी म्हणजे बांबू होता, नुसता बांबू, आणि त्याच्या टोकाला काही लावलेलं नव्हतं. टोकाच्या मागे, आरसा असायला हवा तिथे, त्याचा चेहरा होता. उजेड तिथून परत येत होता.

त्या उजेडात तिला एक डोळा दिसला. तिने धीर धरला. तिचाच असणार, ताँगने सांगितलंच होतं.

त्या डोळ्याने सावकाश पापणी मिटली. हियनने मिटली नव्हती.

"आला आकडा!" ताँग म्हणाला. "तेवीस पुरा."

५

अकराव्या दिवशी खिंडीत तंबू टाकून सह्या व्हायच्या होत्या. लांब टेबल, दोन झेंडे, दोन किटल्या. तिकडचे मुख्य तान साहेब वही चाळत आले आणि सतराव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. माणूस वाईट नव्हता, पण कागद चोख हवा म्हणणारा होता.

वेईने त्यांचं बोलणं सांगितलं. "साहेब विचारतात, सतरा ते तेवीस, सात जागा कोऱ्या का? काठी कुणी धरली? माणूस आमचा नाही. तुमचा असेल तर नाव लिहा. कुणाचाच नसेल तर मोजणी धरता येणार नाही, सात ओळी खोडाव्या लागतील."

सात ओळी खोडल्या की मागची सोंड गेली. सोंड गेली की झरा गेला. टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं.

ताँग तिच्या कानाशी वाकला. "अगं, टाक ना गावातल्या कुणाचंही नाव. मजूर लावला होता म्हणायचं. मूठभर कागदासाठी गाव उठवायचं का?"

त्याला बोलायला काय जातंय! तो हानोईचा. हियनच्या लोकांत वाढलेलं कुणी हे करणार नाही. जित्या माणसाचं नाव असल्या कुणाला दिलं की नावाबरोबर जीवही जातो, हे शेंबडं पोरही जाणतं. मेलेल्याचं नाव द्यावं, तर दुसऱ्याच्या घरातला मेलेला ही तिची मालमत्ता नव्हती. उरली स्वतःच्या घरातली.

तिच्या बापाचं नाव बे वान दोआन. लढाईत तो सैनिकांसाठी तांदळाचं पोतं घेऊन या डोंगरावर चढला आणि उतरला नाही. हियन तेव्हा दहा वर्षांची होती. हाडं मिळाली नाहीत म्हणून आईने चोवीस वर्षं त्याच्या नावाने उदबत्ती लावली नव्हती. कोण जाणे, म्हणायची, असतील कुठे तरी. कदाचित हा तोच असेल, असं हियनला वाटलं, आणि वाटल्याबरोबर ते खरं असावं अशी ओढ लागली. बापाचा चेहरा तिला धड आठवतही नव्हता.

"आमचा आहे," ती म्हणाली. आवाज तिला परका वाटला. "नाव बे वान दोआन. माझ्या घरचाच आहे."

तान साहेबांनी मान हलवली. "सहीला हजर आहे का?"

"नाही," हियन म्हणाली. "तो घरी गेला."

वेईने हे भाषांतर करायला जरा जास्तच वेळ घेतला. मग सगळं नीट सांगितलं, शब्दही न बदलता. सह्या झाल्या. शिक्के झाले. बाहेर टाळ्या वाजल्या आणि मक्याची दारू फिरली. ताँगने दोन पेले घेतले आणि तान साहेबांच्या गळ्यात हात टाकून गाऊ लागला. वेई हियनपाशी येऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं समाधान होतं, आणि त्याची त्यालाच लाज वाटत असावी.

"घेतलात तर पुरता घ्या, बाई," तो म्हणाला. "अर्धा आमच्याकडे ठेवू नका."

६

वहीची इकडची प्रत पिशवीत घालून हियन पाऊलवाटेने एकटीच गावाकडे उतरली. या खेपेला तिने हाक दिली नाही. ऊन कलंडलं होतं, भात कापून झालेल्या खाचरांवर धुकं साचत होतं, आणि झऱ्याचा आवाज येत होता. ऐकून तिला बरं वाटलं. काहीही असो, पाणी राहिलं.

बो लुआंगची घरं खांबांवर असतात. शिडीच्या पायथ्याशी लाकडी डोणी असते, चढण्याआधी पाय धुवायला. हियनने पाय बुडवला तर पाणी लालसर गढूळ होतं. या दिवसांत खालच्या वाटेला चिखल नसतो. तशी माती मागच्या सोंडेवर असते.

आई वरच्या पायरीवर बसली होती, हात मांडीत घेऊन.

"झरा आपलाच ठरला, आई."

"कळलं," आई म्हणाली. "त्यानेच सांगितलं. आत बसलाय."

हियन पायरी धरून उभी राहिली. आतून पाणी पिण्याचा आवाज येत होता. मोठे मोठे घोट, एकामागून एक.

"नाव विचारलं, तर तुझ्या बाबांचं सांगितलं," आई म्हणाली. "मी दिवा जवळ धरून बघितलं गं. हियन, तुझे बाबा नाहीत ते."

"मग आत कशाला घेतलंस?"

"घरचं नाव सांगून आलेल्याला दारात कसा ठेवू?" आईच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज शांत होता. "कोणाचा तरी असेलच की बिचारा. तहान तरी किती! सगळी नळकांडी संपवली, थांबतच नाहीये." तिने डोळे पुसले. "आणि हे बाकीचे गं? यांचं काय करायचं?"

"कोण बाकीचे?"

आईने हनुवटीने खाचरांकडे दाखवलं.

आधी हियनला नुसतं धुकंच दिसलं. मग त्यात ते दिसू लागले. कुंपणापासून झऱ्यापर्यंत आणि झऱ्यापासून वर, सारख्या अंतरावर, एकामागे एक. सगळे इकडे तोंड करून उभे. कपड्यांना रंग नव्हता. कुणी बोलत नव्हतं, कुणी रेटत नव्हतं. कचेरीत आपला नंबर यायची वाट बघणारी शहाणी माणसं उभी राहतात तसे ते उभे होते.

"ते म्हणतात, मुलगी वही घेऊन येईपर्यंत थांबतो," आई म्हणाली. "नावं तीच देते म्हणे. नाव मिळालं की घर मिळतं, म्हणाले."

"आणि नाही दिलं तर?"

"ते मी विचारलं नाही."

रांगेतला पहिला शिडीपाशी आला. त्यानेही डोणीत पाय बुडवले, आधी चपलेतला, मग बुटातला, आणि मान खाली घालून थांबला. हियनने पिशवीतून वही काढली. का काढली हे तिला नंतर कधीही सांगता आलं नसतं. कोऱ्या पानांना हात लागला तेव्हा तिला आजोबांचं नाव आठवलं, आणि ते तिने लिहिलं. तो माणूस तिच्या शेजारून वर गेला. ओल्या मातीचा वास आला, बाकी काही नाही. आतल्या पाण्याच्या घोटांत आणखी एकाचे घोट मिसळले.

मग आजीच्या भावाचं नाव. मग धाकट्या काकांचं, पुरात गेलेल्या. दोघीजणी पायरीवर बसून आठवत राहिल्या, सणाच्या आदल्या दिवशी बसतात तशा. आईला हियनपेक्षा जास्त माहीत होती. पणजोबांचं तिने दोनदा घोकून बरोबर सांगितलं. सहा महिन्यांचा होऊन गेलेला हियनचा भाऊ आठवला तेव्हा आई अडखळली. "त्याचं नाव फार लहान आहे गं," ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या माणसाला पुरेल का?" पुरलं. तो आत गेला.

नऊ झाले. हियनने आईकडे बघितलं. आईने डोळे मिटून पुन्हा सगळी शोधली, ओठ हलवत, बोटं मोडत, आणि मान हलवली. गेलेल्यांत आणखी कुणी नव्हतं. रांग झऱ्याच्या पलीकडे धुक्यात शिरली होती आणि तिचं टोक दिसत नव्हतं.

दहावा शिडीशी आला आणि पाय धुऊ लागला. घरातली आता दोनच नावं उरली होती, पायरीवर बसलेल्या दोघींची.

हियनने पेन्सिल घट्ट धरली आणि श्वास घेतला. पण आईने तिच्या आधी तोंड उघडलं.